गॅस सोडायचा नसतो, काढून घ्यायचा असतो

(दहावी १९८६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, नागपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या डॉक्टर मैत्रिणीनं आत्ताच ब्लडप्रेशरवर छान सांगितलं. संयोजकांनी लगेच माझं नाव पुकारलं ते बहुधा याच हिशेबानं, की रक्ताचा दाब झाला, आता गॅसचा दाब होऊन जाऊ दे. मी एसी-फ्रिजचा मिस्त्री. दहावीनंतर आयटीआय केलं आणि तेव्हापासून हातात पाना आहे. भाषणाची सवय नाही, त्यामुळे दुकानात पोरांना शिकवतो तसंच बोलणार आहे.

विषय मी मुद्दाम निवडला, कारण आज दुपारी आपण एक ठराव करणार आहोत. तुकडीच्या निधीतून शाळेच्या सभागृहाला चार नवे एसी द्यायचे. चांगली गोष्ट आहे. पण त्या सभागृहात आज जे चार जुने एसी लटकलेले आहेत, त्यांचं काय करायचं, हे ठरावात कुठंच लिहिलेलं नाही. सहसा काय होतं ते सांगतो. भंगारवाला येतो, छिन्नी लावतो, तांब्याचा पाइप कापतो. 'फुस्स' असा आवाज येतो, दोन मिनिटांत थांबतो, आणि एसी हातगाडीवर चढतो. त्या दोन मिनिटांबद्दल मला बोलायचं आहे.

ते जुने एसी आर-२२ गॅसचे आहेत. प्रत्येकात साधारण एक किलो गॅस धरू. १ किलो आर-२२ हवेत सोडला, तर शंभर वर्षांच्या हिशेबानं तो सुमारे १८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. म्हणजे चार एसींचे झाले सव्वासात टन. आपल्याला कळेल अशा मापात सांगतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड निघतो. तेव्हा एका एसीचा गॅस सोडणं म्हणजे जवळपास पावणेआठशे लिटर पेट्रोल जाळणं. त्यातून कोणी कुठं पोहोचत नाही, कोणाचं काम होत नाही. शिवाय आर-२२मध्ये क्लोरीन आहे, तो ओझोनचा थर खातो.

याच कारणासाठी १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. आपल्याकडे ओझोनला मारक रसायनांचे नियम २००० साली आले, फ्रिजमधला जुना सीएफसी गॅस बनवणं २००८मध्ये बंद झालं आणि आता आर-२२सुद्धा टप्प्याटप्प्यानं २०३०पर्यंत जायचा आहे. २०१६च्या किगाली दुरुस्तीनं तर ओझोनला न दुखावणाऱ्या, पण पृथ्वी तापवणाऱ्या गॅसनाही यादीत घेतलं. भारतानं ती २०२१ साली मान्य केली. कागदावर हे सगळं मोठ्या शहरांत, मोठ्या माणसांनी ठरवलं. अमलात मात्र ते गच्चीवर उकिडवा बसलेला मिस्त्री आणतो. तो आणेल की नाही, हे त्याच्याजवळ मशीन आहे का, आणि खाली उभा असलेला मालक त्याला अर्धा तास देतो का, यावर ठरतं.

त्या मशीनला रिकव्हरी मशीन म्हणतात. दिसायला टूलबॉक्सएवढं, वजनाला दहा-पंधरा किलो. आत एक छोटा कॉम्प्रेसर, एक कंडेन्सर आणि एक पंखा. एका बाजूनं एसीतला गॅस ओढायचा, दाबून थंड करायचा, त्याचा द्रव करायचा आणि दुसऱ्या बाजूनं सिलिंडरमध्ये भरायचा. विज्ञानाच्या सरांनी नववीत सांगितलेलं आठवा: दाब वाढवला आणि उष्णता काढून घेतली की वायूचा द्रव होतो. सर, तुमच्या त्या एका वाक्यावर माझं घर चाललं. परीक्षेत मात्र मी ते लिहिलं नव्हतं, तो विषय वेगळा.

मशीन सोपं आहे. धोका आहे तो सिलिंडरमध्ये.

द्रव झालेला गॅस तापला की फुगतो. सिलिंडर नव्वद टक्के भरला आणि तो ५४-५५ अंशांपर्यंत तापला, तर आतला द्रव काठोकाठ होतो. त्यानंतर त्याला फुगायला जागा उरत नाही. द्रव दबत नाही, लोखंड फाटतं. आता नागपूरच्या मे महिन्यात सावलीतच पंचेचाळीस असतात. टेम्पोच्या हौद्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, गच्चीच्या सिमेंटवर ५५ अंश व्हायला कितीसा वेळ लागतो? म्हणून पहिला नियम: सिलिंडर ऐंशी टक्क्यांच्या वर भरायचा नाही. वीस टक्के जागा रिकामी दिसते, पण ती उन्हाळ्यासाठी राखलेली असते.

हे डोळ्यांनी कळत नाही, हातानं हलवूनही कळत नाही. काट्यावरच कळतं. प्रत्येक सिलिंडरच्या गळ्यावर दोन आकडे कोरलेले असतात: रिकाम्या सिलिंडरचं वजन आणि पाण्याची क्षमता. समजा रिकामं वजन साडेसात किलो आणि पाण्याची क्षमता १२. बाराला ०.८नं गुणा, ९.६ आले. त्यात साडेसात मिळवा, १७.१ किलो. काटा १७.१वर आला की मशीन बंद, मग एसीत गॅस शिल्लक असला तरी दुसरा सिलिंडर लावायचा. आर-२२ पाण्यापेक्षा जड आहे, म्हणून या हिशेबात थोडी जास्तीची सूट मिळते. पण आजकालचा आर-३२ पाण्यापेक्षा किंचित हलका आहे. तिथं हाच हिशेब लावला तर सिलिंडर ऐंशीच्या वर जातो. आमच्या दुकानात आर-३२साठी ०.७नं गुणतात. प्रोपेन तर पाण्याच्या निम्म्यानं. ज्यानं हे पाठ केलं नाही, त्याला मी गच्चीवर पाठवत नाही.

गंमत बघा, हवा भरलेल्या, गॅस भरलेल्या या सगळ्या सिलिंडरांचे नियम ज्या कार्यालयाच्या हाती आहेत, ते पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्य कार्यालय आपल्याच गावात, सेमिनरी हिल्सवर आहे. सगळ्या देशात सिलिंडर कसा असावा, त्याची चाचणी कधी व्हावी, हे २०१६च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार तिथून बघितलं जातं. आपण लहानपणी त्या टेकडीवर सायकली चढवायला जायचो. आज मी पोरांना सांगतो, बाप्पा, टेकडीकडे बघा आणि सिलिंडरवरची चाचणीची तारीख वाचा.

आता एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वीचा, याच शहरातला. दुकानाचं नाव घेत नाही. तिथं रिकव्हरी मशीन होतं, सिलिंडर नव्हता. नवा गॅस ज्या पातळ पत्र्याच्या डब्यात येतो, तो एकदाच वापरून फेकायचा असतो. त्याचा पत्रा पातळ, त्याचा व्हॉल्व्ह पुन्हा भरण्यासाठी केलेलाच नसतो. त्या लोकांनी व्हॉल्व्हशी खटपट करून असाच एक डबा भरला. वजन केलं नाही. डबा टेम्पोत, टेम्पो उन्हात, मिस्त्री जेवायला. एकोणीस वर्षांचा हेल्पर डबा उतरवायला गेला आणि डबा बुडातून फाटला. पोरगा वाचला. उजवा हात मात्र मनगटापासून पुन्हा सरळ झाला नाही. पाना धरता येत नाही. त्या दुकानानं पहिल्या ड्रेसिंगचे पैसे दिले आणि हात वर केले. आज तो मुलगा आमच्याकडे हिशेब बघतो आणि नव्या पोरांना काटा वाचायला शिकवतो. त्याच्याइतकं मन लावून ते कोणी शिकवत नाही.

आता कामाचा क्रम. तुमच्यातले बहुतेक जण हे स्वतः करणार नाहीत, पण करणारा तुमच्या घरी येणार आहे. तो काय करतो ते बघायला यावं म्हणून सांगतो.

आधी गॅस कोणता ते एसीच्या पाटीवर वाचायचं. एका सिलिंडरमध्ये एकच गॅस. दोन गॅस मिसळले की ते पुन्हा कोणाच्याच कामाचे राहत नाहीत, आणि दाबाचा हिशेबही चुकतो. सिलिंडरवर कोरलेला दाबही वाचायचा. ४५ अंशांना आर-२२चा दाब सुमारे २३६ पीएसआय असतो, आर-४१०एचा ३८०च्या आसपास. त्यामुळे आर-२२ला चालणारा जुना सिलिंडर आर-४१०एला चालेलच असं नाही.

मग डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे. द्रव आर-२२ उघड्यावर उणे ४१ अंशांना उकळतो. अंगावर उडाला तर चटका बसतो, तो गारठ्याचा असला तरी भाजल्यासारखाच. होज पाइपांचे रबरी वायसर बघायचे. सिलिंडर सरळ उभा, काट्यावर. मशीनच्या तोंडाशी फिल्टर ड्रायर, म्हणजे जुन्या एसीतली घाण, ओल आणि जळालेल्या तेलाचं आम्ल मशीनमध्ये जाणार नाही. विजेची तार जाड, अर्थिंग पक्कं. घरातली बारीक एक्स्टेंशन लावली की उन्हाळ्यातल्या कमी व्होल्टेजमध्ये मोटार आधी गुरगुरते आणि मग जळते.

मशीन सुरू झालं की गेज आणि काटा या दोन्हींवर नजर. दाब भराभर चढू लागला तर सिलिंडर तापलाय असं समजायचं. त्याला पाण्याच्या घमेल्यात उभा करायचा, वर ओलं पोतं टाकायचं, पाणी तारेपासून लांब. मशीनमध्ये एक स्विच असतो, दाब फार वाढला की तो मशीन बंद करतो, सहसा ५५० पीएसआयच्या आसपास. काही कारागीर 'सारखं बंद पडते' म्हणून त्याला डायरेक्ट करतात. राजेहो, फ्यूज उडतो म्हणून तिथं खिळा लावण्यातला हा प्रकार आहे. मे महिन्यात आम्ही ही कामं सकाळी सहा ते नऊमध्ये उरकतो. स्विच बंद पाडतच नाही, मग डायरेक्ट करायची वेळही येत नाही.

गेज शून्याच्या खाली आला की मशीन थांबवून पाच मिनिटं वाट बघायची. तेलात मुरलेला गॅस हळूहळू बाहेर येतो आणि काटा पुन्हा वर चढतो. चढला तर पुन्हा ओढायचा. ही पाच मिनिटं बहुतेक जण खातात. शेवटी मशीनच्या पोटात उरलेला गॅसही पर्जच्या खटक्यानं सिलिंडरमध्ये ढकलायचा, सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे आणि सिलिंडरवर चिठ्ठी लावायची: गॅसचं नाव, वजन, तारीख.

मोठ्या प्लांटवर द्रव ढकलून-ओढून काढायची पद्धत असते. तिथं एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. एकदा द्रवाची धार लागली की मशीन बंद केलं तरी ती नळीतून वाहतच राहते, टाकीतून पाणी नळीनं काढावं तशी. तिथं मशीन बंद करून भागत नाही, व्हॉल्व्ह बंद करावा लागतो.

आता तीन गोष्टी, ज्यांत जीव जातो.

एक, बंद खोली. हे गॅस हवेपेक्षा जड आहेत. आर-२२ जवळपास तिप्पट. तळघरात, खड्ड्यात, बंद खोलीत ते जमिनीलगत साचतात आणि श्वासातली हवा बाजूला सारतात. त्यांना वास जवळजवळ नसतो. दारं-खिडक्या उघडी, आणि एकटा माणूस कधीच नाही. आर-२२ सांडलेला असताना गॅसची बत्ती पेटवली तर ज्वाळेत त्याचे विषारी वायू होतात, फॉस्जीनसुद्धा.

दोन, ऑक्सिजन आणि हवा. गळती शोधायला नायट्रोजनच भरायचा. वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन जवळ उभा असतो म्हणून तो भरला, तर कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. हवेचंही तसंच. नवीन स्प्लिट एसी काढताना गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात, त्याला पंपडाऊन म्हणतात. त्या वेळी एखादी नळी सैल असली की कॉम्प्रेसर हवा ओढतो. तेलाची वाफ आणि दाबलेली हवा, म्हणजे डिझेल इंजिनच झालं की. अशानं आउटडोअर फुटल्याचे अपघात झालेले आहेत.

तीन, आग. आपण शाळेला जे नवे एसी देणार आहोत, त्यांत आर-३२ असेल. पृथ्वी तापवण्यात तो आर-२२च्या निम्म्याहूनही कमी, ६७५. चांगला गॅस आहे. पण तो थोडा पेट घेणारा आहे. त्याच्यासाठी मशीन ठिणगी न पाडणारं, म्हणजे आर-३२साठी चालेल असं कंपनीनं लिहिलेलं हवं. जुनं मशीन चालत नाही. तोंडात बिडी तर अजिबात नाही.

मशीनची देखभाल फार नाही, पण ती नेमानं करावी लागते. फिल्टर ड्रायर गॅस बदलला की बदलायचा, आणि जळालेल्या कॉम्प्रेसरचा गॅस काढला असेल तर त्या कामानंतर लगेच. तोंडाची जाळी काढून धुवायची. नागपूरची धूळ कंडेन्सरच्या पात्यांत बसते. आठवड्यातून एकदा ब्रशनं झाडायची, नाहीतर मशीन तापतं आणि दाब चढतो. होज पाइप चिरला तर टेप गुंडाळायची नाही, फेकायचा. काटा महिन्यातून एकदा तपासायचा. त्याला काही लागत नाही: डबा ठेवून काटा शून्यावर आणा, त्यात दहा लिटर पाणी मोजून ओता, काट्यावर दहा किलो यायला हवेत. गेज मोकळ्या हवेत शून्यावर येतो का ते बघायचं. आणि सिलिंडरमध्ये हवा शिरली का, याचीही सोपी परीक्षा आहे. सिलिंडर रात्रभर सावलीत ठेवा, सकाळी तापमान आणि दाब ताडून बघा. ३० अंशांना आर-२२ असेल तर १५८ पीएसआय हवेत. बरंच जास्त दिसलं तर आत हवा आहे किंवा दुसरा गॅस मिसळलेला आहे.

आता तुमच्याविषयी बोलतो. रागावू नका, हक्कानं बोलतो.

इथं दवाखाने चालवणारे आहेत, बुटीबोरीला कारखाने असलेले आहेत, सोसायट्यांचे अध्यक्ष आहेत. मिस्त्री म्हणतो, 'साहेब, गॅस काढून घ्यायला अर्धा-पाऊण तास लागेल, त्याचे वेगळे पैसे होतील.' त्यावर तुम्ही म्हणता, 'दुसरा तर दहा मिनिटांत करून देतो.' तो दुसरा दहा मिनिटांत करतो, कारण तो पाइप कापतो. तुमचा शब्द ऐकून पहिलाही पुढच्या वेळी मशीन दुकानातच ठेवून येतो. आमच्या धंद्यात गॅस हवेत सोडला जातो तो सगळाच अज्ञानानं नाही. प्रशिक्षण मिळतं, सरकारच्या ओझोन कक्षानं पुष्कळ कारागिरांना शिकवलंय. २०१९च्या शीतलीकरण कृती आराखड्यात एक लाख कारागीर तयार करायचं ठरलं होतं. पण शिकून आलेल्या पोराला गिऱ्हाईकच म्हणालं की 'सोड ना बे, कोण बघते', तर त्या प्रमाणपत्राचं काय करायचं?

म्हणून तीन प्रश्न विचारत चला. गॅस कशात काढणार? सिलिंडरवर चाचणीची तारीख आहे का? काटा आणलाय का? एवढं विचारलं तरी समोरचा माणूस सावरून बसतो. आणि पैशांत घासाघीस करायचीच असेल तर एसीच्या किमतीत करा, या अर्ध्या तासात करू नका. तो अर्धा तास त्या पोराच्या हातांचा आहे.

शेवटी आपल्या ठरावाकडे येतो. माझी सूचना अशी की ठरावात दोन ओळी वाढवाव्यात. पहिली: जुने चारही एसी भंगारात देण्याआधी त्यांतला गॅस काढून घ्यावा, आणि प्रत्येकातून किती निघाला त्याचं वजन शाळेच्या नोंदवहीत लिहावं. हे काम आमचं दुकान करेल, त्याचं बिल नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत अजून एक जुना आर-२२ एसी चालू आहे. निघालेला गॅस स्वच्छ असेल तर गाळून त्याच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवू, म्हणजे नवा विकत घ्यायला नको. दुसरी ओळ: नवे एसी बसवणाऱ्याकडून लिहून घ्यावं, की तो आर-३२चं काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घेईल.

आणि एक विनंती सरांना. जमलं तर तो दिवस शाळेच्या कामाच्या दिवशी ठेवू. नववीची मुलं लांब उभी राहून बघतील. काट्यावर आकडा चढताना दिसेल, गेजवर उतरताना दिसेल, आणि पुस्तकातला तो धडा त्यांना परीक्षेत लिहिता येईल.

माझे दहा मिनिटं कधीच संपलेत. जेवण तयार आहे असा निरोप आलाय, वास तर मघापासूनच येतोय.